कोडिंग क्लबात मुलं टिकत नाहीत आणि स्पर्धेत तीच चार जिंकतात, तेव्हा काय करावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, संगणक विभागात, तुम्ही दोन वर्षांपूर्वी रुजू झालात. कोडिंग क्लब काढलात. पहिल्या दिवशी नव्वद मुलं आली, दिवाळीनंतर सात उरली. स्पर्धा ठेवली की बक्षीस ठरलेल्या चौघांनाच. बाकीची मुलं शेवटचा तास संपला की बस पकडतात. मोठा हॅकेथॉन घ्यायला पैसे नाहीत, आणि विभागप्रमुख अहवाल मागत आहेत. मुलांमध्ये आपुलकीही हवी आणि चुरसही, तर सुरुवात कुठून करायची?

मी एकवीस वर्षं संगणक विभागात शिकवते आहे. त्यातली चौदा वर्षं नाशिक भागातल्या, तुमच्यासारख्याच एका कॉलेजात गेली, म्हणून तुमचं वर्णन वाचताना मला आमची दुसऱ्या मजल्यावरची लॅबच डोळ्यांसमोर आली.

मुलांना चुरस नको असते हे मला पटत नाही. हीच मुलं गणपतीच्या आधी महिनाभर ढोल-ताशा पथकात हाताला फोड येईपर्यंत सराव करतात. गॅदरिंगच्या क्रिकेट सामन्यात 'कॉम्प' विरुद्ध 'आयटी', म्हणजे संगणक शाखा विरुद्ध माहिती तंत्रज्ञान शाखा, असेल तर एरवी वर्गात न दिसणारी मुलंही मैदानावर असतात. मग कोडिंगच्या वेळी ही ईर्षा कुठे जाते? माझं उत्तर असं की पथकात आणि संघात मुलं एकमेकांना ओळखतात, क्लबात ओळखत नाहीत. अनोळखी माणसांसमोर हरलं की लाज वाटते आणि माणूस पुन्हा येत नाही. मित्राकडून हरलं की 'पुढच्या वेळी बघतो तुला' म्हणत तो येतोच. तुम्ही स्पर्धेपासून सुरुवात केलीत. मीही तेच केलं होतं. क्रम उलटा लावावा लागतो.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक कबुली देते. यातलं काय चालेल हे तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकाइतकंच एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. निम्मी मुलं वसतिगृहात असतील तर संध्याकाळ तुमच्या हातात आहे. बहुतेक मुलं अपडाऊन करणारी असतील आणि सोयीची शेवटची गाडी साडेपाचला सुटत असेल, तर संध्याकाळी ठेवलेला प्रत्येक कार्यक्रम त्यांना 'तुम्ही येऊ नका' असंच सांगतो. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक कधी बंद होतं तेही विचारून घ्या. मी पहिली तीन वर्षं विचारलं नाही आणि 'मुलींना यात रस नाही' असं मनाशी ठरवून बसले. आमचा कार्यक्रम सहाला सुरू व्हायचा आणि फाटक सातला बंद व्हायचं. वेळ दुपारी दोनची केली त्या महिन्यात मुली आल्या, आणि त्यांतल्या दोघींनी पुढे क्लब चालवला.

माझी याहून मोठी चूकही सांगते, कारण तुम्ही तिच्या अगदी जवळ आहात. सेकंड इयरच्या सगळ्या मुलांना मी कोडफोर्सेस या ऑनलाइन कोडिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर खाती उघडायला लावली आणि दर सोमवारी तिथल्या रेटिंगप्रमाणे, म्हणजे स्पर्धांतल्या कामगिरीवरून मिळणाऱ्या आकड्याप्रमाणे, यादी नोटीस बोर्डावर लावू लागले. यादी पाहून मुलं पेटून उठतील असं वाटलं होतं. वरची दहा पेटलीही. मधली गप्प झाली. खालची मुलं वरच्यांकडून कोड मागून तसाच चिकटवू लागली. एक दिवस प्रॅक्टिकलमध्ये सर्वांत नेटका कोड लिहिणारी एक मुलगी केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, माझं नाव यादीत नका लावू, त्याचा फोटो कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला." यादी मी त्याच दुपारी उतरवली.

त्यावर बरेच दिवस विचार केला. एकशेचाळीस जणांच्या यादीत सत्त्याण्णवाव्या क्रमांकावरच्या मुलाला प्रतिस्पर्धीच नसतो. तो चार जागा वर गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पहिला त्याच्या टप्प्यात येणं तर शक्यच नाही. चुरस बरोबरीच्याशी लागते, आणि त्या बरोबरीच्याचं नाव-गाव माहीत असावं लागतं.

म्हणून पहिले दोन महिने स्पर्धेचं नावही काढू नका. एक लॅब, आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, ठरलेली वेळ, आणि किल्ली तुमच्याकडे नव्हे तर थर्ड इयरच्या दोन मुलांकडे. लॅब असिस्टंटना आधी विश्वासात घ्या, नाहीतर किल्लीवरूनच सगळं अडतं. तिथे येऊन मुलांनी काय करायचं? काहीही. सबमिशन पूर्ण करायचं, एकमेकांचे एरर काढायचे, केटी राहिलेल्या, म्हणजे मागच्या सत्रात न सुटलेल्या, विषयाचा अभ्यास करायचा. पहिल्या सत्रात आमच्याकडे निम्मी मुलं फाइल लिहायलाच यायची आणि मला त्याचं वाईट वाटायचं. पण 'तुझं चाललं का? माझं इथे सेगमेंटेशन फॉल्ट येतंय' हे वाक्य शेजारच्याला पहिल्यांदा बोललं जातं ते याच वेळी. इथे चहाला पर्याय नाही. लॅबमध्ये कप नेता येत नसेल तर मधेच पंधरा मिनिटं सगळ्यांना घेऊन कॅन्टीनला जा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांकडे वेगळं लक्ष द्या. त्यांची प्रवेशफेरी संपेपर्यंत वर्ग सुरू झालेला असतो, बाकं ठरलेली असतात, व्हॉट्सअॅपचे गट बनलेले असतात. ही मुलं चार वर्षं नाही तर तीनच वर्षं आपल्याकडे असतात, आणि त्यातलं पहिलं मागच्या बाकावर जातं. वास्तविक यांनी तीन वर्षं हाताने काम केलेलं असतं. नेटवर्क जोडणं, मशीन फॉरमॅट करणं, सर्किट लावणं यात ती पुढे असतात. आमच्या स्पर्धेचा सर्व्हर कायम याच मुलांनी उभा केला, आणि त्या दिवसापासून वर्गात त्यांना नावाने हाक मारली जाऊ लागली.

चुरस काय असते ते मी स्वतः विद्यार्थिनी असताना पुण्यात, भरत नाट्य मंदिरात पाहिलं. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. प्रयोगाआधी 'अरे आवाज कुणाचा' अशी आरोळी उठते, दुसऱ्या कॉलेजची मुलं तितक्याच जोराने उत्तर देतात, आणि पडदा वर गेला की तीच मुलं कान देऊन नाटक पाहतात. मी आमच्या संघात अभिनय करत नव्हते, लेखनही नाही. मी नेपथ्याच्या फळ्या रंगवत होते. तरी आरोळी देताना घसा माझाही बसायचा, कारण त्या फळ्या रंगमंचावर होत्या. रंगमंचावर पाच-सहा जण दिसतात, पण स्पर्धा वीस जणांची असते.

आपल्या कोडिंग स्पर्धेत मात्र फक्त सोडवणाऱ्याला जागा असते. ज्याला जमत नाही तो प्रेक्षकही होऊ शकत नाही, कारण पाहण्यासारखं काही नसतं. तीस पाठमोरी डोकी आणि तीस पडदे. म्हणून मी कामं वाटायला सुरुवात केली. कुणी प्रश्न रचायचा, कुणी त्याच्या टेस्ट केस, म्हणजे उत्तर बरोबर आहे का ते तपासणारी उदाहरणं, बनवायच्या, कुणी प्रश्न मराठीत लिहायचा, कुणी यंत्रणा सांभाळायची, कुणी फळ्यापाशी उभं राहून समालोचन करायचं. टेस्ट केस बनवणं हे तर स्वतंत्र शिक्षण आहे. 'शून्य दिलं तर? सगळे आकडे सारखे दिले तर? सर्वांत मोठा आकडा दिला आणि बेरीज इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठेवलेल्या जागेत, मावली नाही तर?' असा खोडकर विचार करणारी मुलं स्वतः कोड लिहिण्यात मध्यम असतात, पण पुढे टेस्टिंगमध्ये फार चांगली नोकरी करतात.

आता स्पर्धेचं स्वरूप. आयसीपीसी या विद्यापीठीय स्पर्धेची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते: तिघांचा संघ, पाच तास, आणि संगणक मात्र एकच. एकच कीबोर्ड असल्यामुळे दोघांना कागदावर विचार करावा लागतो आणि तिसऱ्याला तो समजावून सांगावा लागतो. जास्त प्रश्न सोडवणारा संघ पुढे. बरोबरी झाली तर वेळ कमी लागलेला पुढे. आणि सोडवलेल्या प्रश्नावर आधी चुकलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे २० मिनिटांचा दंड. प्रश्न सुटला की त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा संघाच्या टेबलाला बांधतात. शेवटच्या तासात गुणफलक गोठवतात, म्हणून निकालापर्यंत कुणालाच काही कळत नाही.

आम्ही याची लहान आवृत्ती केली. दोन तास, सहा प्रश्न, शेवटची वीस मिनिटं फलक बंद. डॉमजज नावाची, मुलांचा कोड आपोआप तपासून गुणफलक लावणारी मुक्त प्रणाली आहे, ती लॅबमधल्या एका बऱ्या मशीनवर बसवता येते आणि इंटरनेटशिवाय लॅनवर, म्हणजे लॅबमधल्या संगणकांच्या आपसातल्या जोडणीवर, चालते. खर्च फुग्यांचा आणि चहाचा. फुगे अनावश्यक वाटतील, पण ते टाळू नका. फुग्यांमुळे दारातून डोकावणाऱ्यालाही कळतं की कोपऱ्यातल्या संघाचे तीन सुटले आणि खिडकीजवळच्यांचा लाल अजून नाही. बघणारे जमतात ते तिथून.

पहिला प्रश्न असा हवा की प्रत्येक संघाला पंधरा मिनिटांत फुगा मिळाला पाहिजे. यावर मी कधीच तडजोड करत नाही. दुसरा प्रश्न बहुतेकांना सुटावा, सहावा एखाद-दुसऱ्याला. आणि प्रत्येक प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही द्या. आमच्याकडे बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली कितीतरी मुलं केवळ प्रश्न कळायला उशीर झाल्यामुळे मागे पडत होती. 'गाडीत ५२ जागा आहेत, प्रत्येक थांब्यावर किती चढले आणि किती उतरले ते दिलं आहे, सर्वांत जास्त किती जण उभे होते?' हा प्रश्न वाचल्यावर कुणी गोंधळत नाही.

तुमच्या 'त्या चौघांचं' काय? त्यांना चार वेगळ्या संघांत टाका आणि संघ चिठ्ठ्या टाकून पाडा: एक सेकंड इयर, एक थर्ड इयर, एक थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. तरीही फरक राहिला तर एका स्पर्धेआड त्यांना प्रश्न रचायला बसवा. पण त्यांच्यावरही अन्याय नको. त्यांना त्यांच्या तोडीची माणसं भेटलीच पाहिजेत, म्हणून आयसीपीसीच्या ऑनलाइन प्राथमिक फेरीसाठी त्यांचा संघ नक्की पाठवा आणि त्यांच्या तयारीचा दिवस वेगळा ठेवा. हुशार मुलाला घरच्या मैदानात अडवून ठेवणं आणि मध्यम मुलाला त्याच्या सावलीत बसवणं, दोन्हींत मुलांचं नुकसान आहे.

संघांची मला सगळ्यांत आवडती विभागणी मात्र मी शोधलेली नाही, ती एका मुलाने सुचवली. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही रोज तासभर एकाच गाडीत असतो, आमचा संघ आधीच आहे." त्या वर्षी आम्ही सिन्नर गाडी, निफाड गाडी, दिंडोरी गाडी आणि हॉस्टेल अशी लीग घेतली. ज्या मुलांना 'तुम्ही थांबत नाही' म्हणून मी इतकी वर्षं बोल लावत होते, ती मुलं परतीच्या गाडीत वहीवर प्रश्न सोडवत होती. निफाडची मुलं जिंकली तेव्हा बसस्टँडवर आरोळी झाली, ती मी ऐकलेली नाही, पण दुसऱ्या दिवशी कंडक्टरने मुलांकडे चौकशी केल्याचं कळलं.

स्पर्धेनंतरचा अर्धा तास स्पर्धेपेक्षा महत्त्वाचा. आम्ही त्याला 'उकल' म्हणतो. प्रत्येक प्रश्न फळ्यावर कुणीतरी समजावून सांगायचा, आणि नियम एकच: विजेत्या संघातल्यांनी बोलायचं नाही. चौथ्या-पाचव्या आलेल्या संघातला ज्याने तो प्रश्न सोडवला तो सांगणार. ज्याला सुटला नाही त्याने कुठपर्यंत पोचलो ते सांगायचं. बक्षीस उकल झाल्यावरच, त्यामुळे कुणी आधी उठून जात नाही.

एक खेळ आवर्जून सांगते, कारण आपुलकी आणि चुरस यांचं नातं मुलांना याहून चांगलं मी कधी शिकवू शकले नाही. १९८०च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट अॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने प्रोग्रामांची स्पर्धा घेतली. खेळ 'कैद्यांचा पेच' म्हणून ओळखला जातो. दोघांनी दर फेरीत साथ द्यायची किंवा दगा द्यायचा. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकाने दगा आणि दुसऱ्याने साथ दिली तर दगा देणाऱ्याला ५ आणि साथ देणाऱ्याला ०. एकेक सामना २०० फेऱ्यांचा. १४ प्रोग्राम आले होते, त्यांत जिंकला तो सर्वांत छोटा, अॅनातोल रॅपोपोर्ट यांचा 'जशास तसे': पहिल्यांदा साथ द्यायची, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करायचं. निकाल सगळ्यांना कळवून दुसरी स्पर्धा घेतली, ६२ प्रोग्राम आले, आणि पुन्हा तोच जिंकला.

ही स्पर्धा पायथॉन या सोप्या प्रोग्रामिंग भाषेतल्या दहा ओळींच्या फंक्शनवर, म्हणजे छोट्या प्रोग्रामवर, घेता येते, म्हणून सेकंड इयरची मुलंही बरोबरीने उतरतात. दर शुक्रवारी प्रत्येक जोडीने फंक्शन द्यायचं, प्रोजेक्टरवर सगळ्यांचे सगळ्यांशी सामने काही सेकंदांत होतात, आणि फेरी संपली की सगळा कोड सगळ्यांना खुला. पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे बहुतेकांनी दगाबाज पाठवले आणि सगळेच एकेका गुणावर रखडले. दुसऱ्या शुक्रवारी मागच्या बाकावरचा एक डिप्लोमाचा मुलगा पहिला आला. त्याचा प्रोग्राम एकदा झालेला दगा माफ करायचा आणि दुसऱ्यांदा झाला की उत्तर द्यायचा. वर्ग त्याच्या बाकाभोवती जमला. तोपर्यंत अनेकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. मग मी फळ्यावर एवढंच मांडून दाखवलं की 'जशास तसे' कुठल्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही, फार तर बरोबरी करतो, आणि तरीही एकूण बेरजेत पुढे जातो. मुलं ते सिद्ध करायला लगेच कागद घेऊन बसली.

बाहेरच्या ऑनलाइन स्पर्धांबद्दल थोडंच. कोडफोर्सेसच्या बऱ्याच स्पर्धा आपल्या वेळेनुसार रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी सुरू होतात, म्हणजे अपडाऊनची मुलंही घरी पोचलेली असतात. १४००च्या खालच्या रेटिंगसाठी चौथा विभाग असतो, सुरुवात तिथून करू द्या. रेटिंग प्रत्येकाचं स्वतःपुरतं; जाहीर करायचं असेल तर या महिन्यात स्वतःच्याच आकड्यापेक्षा किती वर गेलात एवढंच. डिसेंबरात 'अॅडव्हेंट ऑफ कोड' ही प्रोग्रामिंगच्या कोड्यांची ऑनलाइन मालिका असते, त्याचं रोजचं कोडं आपल्याकडे सकाळी साडेदहाला उघडतं. २०२५ पासून त्यांनी २५ ऐवजी १२ दिवस केले आणि जागतिक गुणफलक काढूनच टाकला, पण ओळखीच्यांपुरते छोटे फलक ठेवले. मला तो निर्णय फार पटला. आपल्याकडे मात्र तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा असतात, म्हणून आम्ही जुन्या वर्षांची कोडी जानेवारीत घेतो.

कोड लिहून देणाऱ्या एआयचं काय करायचं, हेही तुम्ही ओघात विचारलं आहे. स्पर्धा लॅनवर, इंटरनेट बंद ठेवून घ्या. प्रकल्पाच्या बैठकीत तो खुशाल वापरू द्या. उकलीच्या वेळी फळ्यापाशी उभं राहून सांगता आलं पाहिजे, या एका अटीने आमच्याकडचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटले.

कॉम्प विरुद्ध आयटी असा सामना वर्षातून एकदाच घ्या, तोही एकमेकांसाठी प्रश्न रचून: कॉम्पने आयटीला सहा द्यायचे, आयटीने कॉम्पला सहा, आणि जो प्रश्न रचणाऱ्यांनाच सोडवता येत नाही तो बाद. वर्षभर शाखांचीच चुरस ठेवली तर ती व्हॉट्सअॅपवरच्या टोमण्यांत उतरते, आणि मग सेमिनार हॉल कुणाला पहिल्यांदा मिळाला यावरूनही भांडणं होतात. म्हणून बाकी वर्षभर संघ मिसळलेले आणि दर सत्राला नवे.

विभागप्रमुखांना अहवालात उपस्थितीचा एकूण आकडा देऊ नका. तिसऱ्यांदा आलेली मुलं किती, उकल सांगायला फळ्यापाशी उभी राहिलेली वेगवेगळी मुलं किती, आणि त्यांत डिप्लोमाहून आलेली व मुली किती, हे तीन आकडे द्या. पहिल्या सत्रात ते लहान दिसतील. आमच्याकडे तिसरा आकडा पूर्ण एक वर्ष एकावरच होता.

तुमच्याकडे उरलेली सात मुलं आहेत, त्यांना येत्या आठवड्यात चहाला घेऊन जा. ती का थांबली ते विचारा, आणि कोण कुठल्या गाडीने येतं तेही. मग प्रत्येकाला सांगा, त्याच गाडीतला एक जण पुढच्या वेळी बरोबर घेऊन ये, फाइल पूर्ण करायला आला तरी चालेल.